डायनामो काढायचा नाही

माझी खुर्ची हवेत लटकत होती.

खाली गल्ली, वर मे महिन्याचं रखरखीत आभाळ आणि मधल्यामध्ये पट्ट्याला टांगलेली, स्वतःभोवती सावकाश गिरक्या घेणारी माझी बॅटरीची खुर्ची. मी उंबऱ्यापुढच्या पायरीवर बसून बटण दाबत होते. गाडीच्या डिकीत बसवलेली मोटार आधी ‘घूंऽऽ’ म्हणाली, मग ‘गूं’ म्हणाली, मग नुसतंच ‘टक्’.

"दाब की गं," आई म्हणाली.

"दाबलंय."

"अजून जोरात दाब."

"आई, ही दाराची बेल नाहीये!"

समोरच्या हौसाक्का पदराचा बोळा तोंडावर धरून ओट्यावर उभ्या होत्या. त्यांना काही राहवेना. "वारणे, खुर्ची वाळत घातलीस काय गं?"

सगळी गल्ली हसली. मीसुद्धा हसले, पण फक्त तोंडानं. मागून, सोप्यातल्या आरामखुर्चीवरून, नानांचा आवाज आला. तो येणार हे मला ठाऊकच होतं.

"मी म्हणालो होतो."

नाना म्हणजे माझे आजोबा. ते काय म्हणाले होते, तर ‘बाईला असलं काही झेपायचं नाही.’ बाई म्हणजे गाडी. सत्तर सालची अ‍ॅम्बॅसिडर, दुधावरच्या सायीच्या रंगाची, नाकाडी आणि ढोली. नाना जयसिंगपुरात एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. शेठजींनी नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी नानांना देऊन टाकली. त्या दिवसापासून नानांनी तिचा एक स्क्रू कधी फेकला नाही. बदललेला प्रत्येक पार्ट कापसात नाहीतर मेणकापडात गुंडाळून कॉटखालच्या ट्रंकेत. आम्ही त्या ट्रंकेला ‘बाईचं माहेर’ म्हणायचो.

चौघाजणांनी मिळून माझी खुर्ची खाली उतरवली. इतकी जड आहे ती. आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

हे मी नववी संपवून दहावीत जाणार होते तेव्हाचं. आता मी बारावीत आहे. माझ्या मणक्याला जन्मापासून दुखणं आहे. पाय आहेत, चांगले दोन आहेत, पण ते माझं ऐकत नाहीत. लहानपणी मिरजेला बरीच ऑपरेशनं झाली; त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. नववीपर्यंत आई मला गाडीतून शाळेत न्यायची, उचलून वर्गातल्या बाकावर ठेवायची आणि शाळा सुटली की उचलून परत आणायची. बाबा सैन्यात, तेव्हा आसामात. मधल्या वेळात मी बाकावर. प्रयोगशाळा वरच्या बाजूला, मैदान खालच्या बाजूला, मी मधल्या वर्गात तिसऱ्या बाकावर. कुणी पाहुण्यांनी पिशवी ठेवावी तशी. मी शाळेत पाणी प्यायचे नाही. का, ते मुलींना सांगायला नको. बाटली न्यायचे आणि भरलेलीच परत आणायचे.

मग बाबांनी ही खुर्ची घेतली. बटण पुढं ढकललं की चालते! पहिल्या दिवशी मी अंगणात एवढ्या चकरा मारल्या की कोंबड्यांनी गाव सोडलं असतं. पण तिला गाडीत घालणार कोण? ती घडी होत नाही. मी स्वतः गुळगुळीत फळीवरून खुर्चीतून सीटवर सरकू शकते, माझे हात पैलवानासारखे आहेत. पण खुर्ची मागंच राहते. आणि एप्रिलमध्ये आईची कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, आता मुलीला उचलायचं नाही. कधीच नाही.

मग शाळेतल्या मोठ्या बाई घरी आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरून टाकू या. वारणा हुशार आहे, घरी बसून दहावी देईल. आम्ही नोट्स पाठवू."

सगळे इतक्या प्रेमानं बोलत होते की मला ओरडताही येईना. नाना म्हणाले, बरोबर आहे. आई काही बोलली नाही, म्हणजे तिलाही बरोबर वाटत होतं. मी म्हणाले, "खुर्ची गाडीत चढली तर?"

"चढली तर जा," मोठ्या बाई हसून म्हणाल्या.

झालं. मी तेवढंच पकडलं. बाबांनी फोनवरून आकृती सांगितली, फॅब्रिकेशनवाल्यानं डिकीत लोखंडी हात बसवला, त्याला जीपची ओढायची मोटार. आणि पहिल्याच दिवशी खुर्ची हवेत, बॅटरी गार, आणि हौसाक्का दोरीवरचं धुणं बघावं तशा बघतायत.

---

दस्तगीरचाचा दुसऱ्या दिवशी आले. जयसिंगपूरच्या स्टँडमागं त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. बॉनेट उघडून त्यांनी आत असं पाहिलं, जणू जुना वर्गमित्र भेटलाय.

"हे बघ बेबी. ह्यो डायनामो. इंजिन फिरलं की हा फिरतो, बॅटरी भरतो. पण ह्याच्या जमान्यात गाडीत हुतं काय? दोन दिवे आणि एक भोंगा. तेवढ्यापुरता ह्यो. आणि गाडी उभी असली, इंजिन सावकाश चालत असलं, की हा काहीच देत न्हाई. नुसता बसून खातो."

"आणि खुर्ची तर गाडी उभी असतानाच चढवायची," मी म्हणाले.

"आता कसं बोललीस! काढून टाका. अल्टरनेटर बसवू. व्हॅनचा जुना मिळतो. गाडी उभी असू दे न्हाईतर पळू दे, भरतच राहतो."

"डायनामो काढायचा नाही."

नाना सोप्यातून कधी उठून आले कळलंच नाही. चप्पलसुद्धा घातली नव्हती.

"नाना, अहो ऐका तर—" आई म्हणाली.

"ऐकलं. गाडी ओरिजनल आहे. शेठजींनी जशी हातात दिली तशी ठेवलीय मी. मुंबईहून माणसं येतात फोटो काढायला. उद्या दुसऱ्याचं इंजिन घाला म्हणाल, परवा दुसऱ्याची चाकं."

"ओरिजनल, ओरिजनल," मी म्हणाले. माझं डोकं फिरलं की माझ्या जिभेला ब्रेक राहत नाही. "नाना, तुमचे दात ओरिजनल आहेत?"

आई "वारणा!" म्हणून ओरडली. दस्तगीरचाचा खोकल्याच्या नावाखाली बॉनेटमध्ये शिरले.

"कवळी चालते," मी म्हणाले, "चिकनसुद्धा खाता. मग बाईलाच का नको?"

नाना फिरले आणि आत गेले. जेवायला आले नाहीत. संध्याकाळी मी तोंड पाडून पायरीवर बसले होते, तेव्हा शेजारी मेणकापडाची मोठी घडी येऊन पडली.

"डायनामो ह्यात गुंडाळायचा," नाना म्हणाले. "शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत तुमचं ते व्हॅनचं यंत्र चाललं तर चाललं. नाही तर हा परत जागेवर. आणि तू गुमान फॉर्म भरायचास. कटकट नाही, रडणं नाही."

"कबूल."

"हात दे."

मी हात दिला. त्यांनी पहिल्यांदा माझा हात मोठ्या माणसाचा घेतात तसा घेतला.

---

ती सुट्टी मी बॉनेटला चिकटून काढली. खुर्ची पुढं नेऊन ब्रेक लावायचा आणि मडगार्डवर कोपरं टेकून आत वाकायचं. चाचांनी आधी दोनदा "बेबी, हात काळे होतील" म्हणून पाहिलं, मग पाना माझ्याच हातात दिला. सांगलीच्या जुन्या बाजारातून अल्टरनेटर आला. त्याला बसायला नवी पट्टी वेल्ड केली. बॅटरीपर्यंत जाणारी जुनी वायर शेवयासारखी बारीक होती, ती काढून करंगळीएवढी जाड टाकली.

"एवढी जाड का?"

"चार बायका एका दारातनं एकदम बाहेर निघाल्या तर काय हुतं? दार मोठं पाहिजे."

मग मला हाव सुटली. एवढा करंट मिळणारच आहे तर आईला पंखा लावू या. खुर्ची चार्ज करायला सॉकेट. मोबाइलला एक. नानांना टेप. आणि एक तो हॉर्न, सुरात वाजणारा—

"पोरी," चाचा म्हणाले, "ही गाडी हाय का जत्रंतला पाळणा?"

सगळ्यात शेवटी एक बारकी वायर उरली. "ही मीटरमधल्या लाल दिव्याची," ते म्हणाले. "जुनी तशीच जोडून टाकतो." आणि जोडली.

मीटरवर, म्हणजे स्टेअरिंगपुढच्या घड्याळांमध्ये, एका कोपऱ्यात दत्तगुरूंचं गोल स्टिकर होतं. नृसिंहवाडीच्या दुकानातलं. नाना किल्ली लावायच्या आधी त्याला बोट टेकवून ते बोट कपाळाला लावायचे. आईही तसंच करायची. तेव्हा चाचांनीही ट्रायल घ्यायला बसताना स्टिकरपुढं क्षणभर मान झुकवली. "गाडीत बसलो की गाडीच्या देवाला सलाम."

इंजिन सुरू झालं; मग आईला स्टेअरिंगवर बसवून चाचा बॉनेटशी आले. मी बॅटरीला चाचांच्या व्होल्टमीटरच्या पिना लावल्या. चाचा म्हणाले होते, चौदा व्होल्ट दिसले की जिंकलो.

बारा. बारालाही खालून पोखरल्यासारखं, थोडं थोडं उतरत चाललेलं.

"रेस द्या वहिनी!"

आईनं ॲक्सिलेटर दाबला. हौसाक्कांच्या म्हशीनं दावं तोडलं, पण आकडा हलला नाही.

चाचांनी अल्टरनेटर काढला, दुकानात नेला, पट्ट्यावर फिरवला. फोन आला, "चौदा! एकदम वाघ!" परत आणला, गाडीत बसवला. बारा. दुसरा अल्टरनेटर आणला. दुकानात चौदा, गाडीत बारा. दुकानात वाघ, गाडीत मांजर! चाचा वायरी तपासायचे, शिव्या घालायचे, मग नानांकडं बघून शिव्या गिळायचे. खुर्ची एकदा चढायची, दुसऱ्यांदा अर्ध्यात थांबायची. रोज दोनदा चढवायची आणि दोनदा उतरवायची, तर ही बॅटरी शाळेच्या फाटकातच मान टाकणार.

"नजर लागली हाय," चाचा एका दुपारी म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

 नाना सोप्यात बसून मेणकापड उघडून डायनामोला जुन्या ब्रशनं पुसायला लागले होते. आईनं फॉर्मसाठी माझे फोटो काढून आणले. फोटोत मी जगावर खटला भरल्यासारखी दिसत होते.

---

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी चाचा आले ते डायनामो परत बसवायलाच. पाना काढला, चहा घेतला, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेबी, मनाला लावून घेऊ नको. जुनी गाडी हाय. तिची मर्जी."

"जेवणापर्यंत थांबा," मी म्हणाले.

"बोलणं ठरलंय," नाना म्हणाले.

"आदला दिवस ठरलाय, नाना. सकाळ नाही ठरली. दिवस अजून संपायचाय."

नानांनी आकाशाकडं बघितलं. "जेवणापर्यंत."

मी खुर्ची चाचांसमोर आणून लावली. "चाचा, मला शेवटचं सांगा. दुकानात तुम्ही करता काय काय? एकेक. काही सोडू नका."

"काय करणार? पट्टा लावतो. जाड वायर बॅटरीला. मग त्या बारक्या पिनला टेस्ट लॅम्प टेकवतो आणि—"

"ते कशाला?"

"उठवायला. अल्टरनेटर कुंभकर्ण हाय. डायनामोचं तसं नसतं, तो आपला आपण जागा हुतो. ह्याला आधी कुणीतरी जरासा करंट आत सोडला पाहिजे. चिमूटभर. एकदा उठला की मग सोताच चालतो."

"आणि गाडीत? गाडीत त्याला कोण उठवतं?"

"मीटरमधला लाल दिवा. किल्ली फिरवली की तो पेटतो, त्याच्यातनंच करंट जातो, आणि मग—"

चाचा थांबले. बशीतला चहा तसाच हातात राहिला.

"पेटतो?" मी विचारलं. "तुम्ही बघितलाय?"

आम्ही दोघं एकदमच गाडीकडं वळलो. मीटरच्या कोपऱ्यात, बरोबर जिथं लाल दिवा असायला हवा तिथं, दत्तगुरू शांतपणे बसले होते.

"आत पेटत असंल," चाचा हळूच म्हणाले. "स्टिकर जाड हाय. वरनं दिसत नसंल."

"काढून बघू या."

"मी न्हाई काढणार." त्यांनी बशी खाली ठेवली. "दुसरा कुठला कागद असता तर फाडला असता. देव हाय. त्यात माझा न्हाई, मग तर बिलकूल न्हाई. नानांना विचार."

मी मागं पाहिलं. नानांच्या हातातला ब्रश थांबला होता. ते माझ्याकडं नाही, गाडीकडंही नाही, कुठं तरी कुंपणाकडं बघत होते.

"नाना, काढू?"

त्यांनी ब्रश पुन्हा डायनामोवर फिरवायला घेतला. आईही चूल सोडून दारात आली होती. "नाना?" ती म्हणाली. ब्रश फिरतच राहिला.

"बरं. मग मी मागून बघते," मी म्हणाले.

मागून म्हणजे डॅशबोर्डच्या खालून. तिथं चाचांचं पोट जात नव्हतं आणि आईची कंबर वाकत नव्हती. आता सांगते, जमिनीवर सरपटण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, जन्माची प्रॅक्टिस आहे! मी खुर्चीतून सीटवर सरकले, सीटवरून पाठीवर पडून डोकं खाली सोडलं आणि हातांनी पेडल धरून स्वतःला आत ओढलं. आईनं माझे पाय सीटवर नीट ठेवले. आत अंधार, जुन्या रबराचा आणि धुळीचा वास, आणि तोंडावर वायरींचं गुंतवळ.

"बॅटरी द्या. उजेडाची!"

चाचांनी टॉर्च दिला. मी त्या बारक्या वायरीच्या मागं मागं बोट नेत गेले. एका पट्टीखालून, एका गाठीतून, मीटरच्या पाठीपर्यंत. तिथं दिव्याचा होल्डर असायला हवा होता. होताही. पण तो भोकातून ओढून काढलेला होता, बाजूला वळवलेला, आणि त्याच्या तोंडावर कापडाचा बोळा घालून वरून मेणाच्या दोऱ्यानं गच्च बांधलं होतं. अगदी सुबक. सारखे वेढे, शेवटी बारीक गाठ. मी दातांनी दोरा तोडला आणि बोळा काढला.

आत बल्ब नव्हता.

अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो. ट्रंकेतल्या प्रत्येक पुडीवर तीच असते.

"नाना!" मी आतूनच ओरडले. "हा बल्ब कुणी काढला?"

 आईचा आवाज आला, "ते आत गेले गं."

मी बाहेर सरकले. केसांत जळमटं, नाकावर काळं. नाना घरातून येत होते. सावकाश, हातात काडेपेटी घेऊन. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. आत कापूस होता आणि कापसात हरभऱ्याएवढा बल्ब.

"मी काढला," नाना म्हणाले.

"का?"

"तुला आठवत नाही?"

"काय आठवायचंय?"

नाना गाडीच्या उघड्या दारात, माझ्या डोक्याशी बसले. "मिरजेला जायचो आपण. तू एवढीशी. ऑपरेशनच्या खोलीवर लाल दिवा होता. तो लागला की तुला आत न्यायचे. तू काय लक्षात ठेवलंस, लाल दिवा लागला की आईपासनं ओढून नेतात." त्यांनी मीटरकडं बोट दाखवलं. "आणि डायनामोचं असं, की गाडी थांबली की मीटरचा लाल दिवा लागायचा. वाटेतल्या रेल्वेच्या फाटकात गाडी थांबली की हा लागायचा. आणि तू किंचाळायला लागायचीस. श्वास कोंडून निळी व्हायचीस. सूनबाईंना विचार."

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं विचारायची वाट बघितली नाही. "फाटकातच काढला होता त्यांनी. गाड्या मागं हॉर्न वाजवत होत्या आणि हे डॅशबोर्डखाली आडवे. मला वाटलं, नंतर परत लावला असेल."

"लावला नाही," नाना म्हणाले. "दुसऱ्या दिवशी वाडीला गेलो, स्टिकर आणलं, लाल काचेवर लावलं. तुला म्हटलं, बघ, लाल नाही, दत्त आहे. मग तू बसायला लागलीस." त्यांनी डायनामोकडं मान वळवली. "तो चालायचा दिव्याशिवाय. म्हणून कधी अडलं नाही. मला काय माहीत, ह्या नव्याला दिवा लागतो म्हणून."

चाचांनी बशीतला थंड चहा उगाच पिऊन टाकला.

मला काही आठवत नव्हतं. खरंच. दत्ताचे तीन चेहरे आठवत होते, ते मी मोजायचे. एक, दोन, तीन, परत एक. का मोजायचे ते आत्ता कळलं.

"द्या," मी म्हणाले आणि पुन्हा आत शिरले.

बल्ब बसवला, होल्डर भोकात दाबला. बाहेर आले तर चाचा हात चोळत होते. "झालं! स्टिकर राहू दे वर. दिवा आत पेटला तरी काम हुतं. बाहेर दिसायची गरज न्हाई. कुणाला तरास नको."

"कुणाला म्हणजे मला?"

चाचा पान्यावरचं ग्रीस पुसायला लागले.

"नाही," मी म्हणाले. "मला दिसला पाहिजे."

"बाळ, कशाला—" आई म्हणाली.

"दिवा आहे तर दिसला पाहिजे. नाना, तुम्ही लावलंय, तुम्हीच काढा."

नानांनी गरम पाण्याची वाटी मागवली. फडकं बुडवून स्टिकरवर धरलं, कड सुटेपर्यंत धरून बसले, आणि मग जखमेवरची पट्टी काढावी तसं सावकाश सोलून काढलं. फाटलं नाही. त्यांनी ते शेजारच्या कप्प्याच्या झाकणावर, अगदी मधोमध लावलं आणि बोट टेकवून कपाळाला लावलं. मीटरच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढी लाल काच उघडी पडली. बाकीचं मीटर पिवळं पडलेलं, तेवढाच गोल कोरा.

मी स्टेअरिंगमागंच बसले होते. किल्लीही मीच फिरवली.

लाल.

खरं सांगते, मी दुसऱ्या हातानं स्टेअरिंग गच्च धरलं.  मी डोळे मिटले नाहीत. मग लक्षात आलं की आजूबाजूला अगदी चिडीचूप आहे. आई, नाना, चाचा, तिघंही माझ्या तोंडाकडं टक लावून उभे!

"माझ्याकडं काय बघताय?" मी खेकसले. "तिकडं बॅटरी बघा!"

चाचा दचकून बॉनेटकडं पळाले. मी किल्ली पुढं फिरवली. बाई खोकली, थरथरली आणि सुरू झाली. लाल दिवा फिका झाला, आणखी फिका झाला, आणि विझला.

"चौदा!" बॉनेटमागून चाचा किंचाळले. "या अल्ला, वहिनी, चौदा! चौदाच्या वर! उठला कुंभकर्ण!"

खुर्ची चढली. उतरली. परत चढली. पंखा लावून चढली, दिवे लावून चढली. हौसाक्का ओट्यावर आल्या, त्यांनी तीन वेळा चढती-उतरती खुर्ची बघितली आणि म्हणाल्या, "वाळली वाटतं एकदाची."

दुपारी नानांनी डायनामोला शेवटचा हात फिरवला, मेणकापडात गुंडाळला आणि मेणाच्या दोऱ्यानं बांधला. ट्रंकेत ठेवताना मला म्हणाले, "फेकायचा नाही."

"कोण फेकतंय?"

"मी गेल्यावरही नाही."

"तुम्ही कुठं चाललाय? उद्या सकाळी शाळेत यायचंय माझ्याबरोबर."

---

सकाळी आम्ही तिघं पुढच्या लांबलचक सीटवर बसलो. आई स्टेअरिंगवर, मधे नाना कडक इस्त्रीच्या टोपीत, खिडकीशी मी. मागं डिकीत खुर्ची, झाकणाला दोरी बांधलेली. मी दोन वेण्या घातल्या होत्या आणि पाण्याची बाटली मांडीवर धरली होती. भरलेली.

रेल्वेचं फाटक बंद होतं.

आईनं गाडी उभी केली. इंजिन सावकाश झालं, गाडी त्या लयीत हलकेच डुलायला लागली. लांबून रुळांचा आवाज येत होता. मी सहज डावीकडून उजवीकडं बघितलं, तर नानांचा हात पुढं गेला होता. त्यांचं लक्ष समोर, फाटकाकडं होतं. हाताला कुणी सांगितलंही नसेल. तो आपणहून जाऊन मीटरच्या कोपऱ्यावर पालथा बसला होता, सगळी बोटं जुळवून, काहीच दिसणार नाही असा.

इतकी वर्षं स्टिकर होतं. त्याच्याआधी, बल्ब काढायच्याही आधी, हा हात असणार.

"नाना," मी म्हणाले. "हात काढा. मला बघायचंय."

त्यांनी दचकून माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. आणि काढला.

काच लाल होती, पण आत उजेड नव्हता. गाडी उभी होती आणि तो पेटला नव्हता. पंखा आईच्या कपाळावरची बट उडवत होता. आगगाडी धडधडत गेली, शेवटचा डबा गेला, फाटक वर उचललं गेलं.

आईनं गिअर टाकला. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि शाळा यायच्या आत सगळं पाणी पिऊन टाकलं.